मंदीत मोटार शर्यतींच्या स्पर्धा कशा तग धरतात?

अक्कलकोट रोडवाला (प्रश्न)

नमस्कार. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. माझा भाचा गेली दोन वर्षे कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एकआसनी गाड्यांच्या शर्यतींत उतरतो. त्याच्या गाडीवर ज्या व्यापाऱ्यांचे नाव असायचे, त्यांनी दिवाळीनंतर बाजार थंड असल्याचे सांगून यंदा जमणार नाही असे कळवले. मला त्यांचा राग नाही. आमच्याकडेही दोन पाळ्यांची एक पाळी झाली आहे आणि बांधून ठेवलेल्या गाठी गोदामात तशाच पडून आहेत, तेव्हा मी कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

भाचा मात्र निश्चिंत आहे. त्याचे म्हणणे असे की, "मामा, मंदीत गाड्या कमी होतात, त्यामुळे उरलेल्या जागा स्वस्तात मिळतात, उलट हीच वेळ आहे." हे कितपत खरे आहे? फॉर्म्युला वनसारख्या मोठ्या स्पर्धा अशा काळात पहिली कात्री कुठे लावतात, आधी कोण बाहेर पडते आणि काटकसरीसाठी केलेले नियम बाजार सुधारल्यावर टिकतात का, हे कोणी नीट समजावून सांगितले तर बहिणीशी काय बोलायचे ते मला ठरवता येईल. तिने त्याच्यासाठी मोडायची ती ठेव मोडून झाली आहे.

निवृत्त वीव्हिंग मास्तर

आपल्या भाच्याचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि न सांगितलेले निम्मे महागात पडणारे आहे.

शर्यतींवर बाजाराचा घाव बसण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ ची माँटे कार्लो रॅली झालीच नाही. अमेरिकेत डेटोनाची चोवीस तासांची आणि सेब्रिंगची बारा तासांची शर्यत त्या वर्षी रद्द झाली. डेटोना ५०० मात्र झाली, पण पाचशेऐवजी साडेचारशे मैलांची, आणि त्यासाठी केलेली युक्ती मला फार आवडते : शर्यतीची मोजणीच एकविसाव्या फेरीपासून सुरू केली. आमच्या गिरणीत सुताचा तुटवडा असला की साचेखात्यात ताग्याची लांबी गुपचूप कमी व्हायची, त्याची आठवण झाली. इथे निदान सांगून-सवरून कमी केले होते.

आपल्या प्रश्नाला जवळचे उदाहरण २००८-०९ चे आहे. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने फॉर्म्युला वन सोडत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात सुबारू आणि सुझुकी या दोघांनी जागतिक रॅली स्पर्धेतून अंग काढून घेतले, जानेवारीत कावासाकीने दुचाकींच्या मोटोजीपी स्पर्धेतला आपला कारखाना-संघ बंद केला, जुलै २००९ मध्ये बीएमडब्ल्यूने आणि नोव्हेंबरमध्ये टोयोटाने फॉर्म्युला वनमधून बाहेर पडण्याची घोषणा केली. यांपैकी बहुतेक मोटारी किंवा दुचाकी बनवणाऱ्या कंपन्या आहेत हे लक्षात घ्या. शर्यत हा त्यांचा धंदा नसून त्यांच्या जाहिरातीचा खर्च आहे, आणि शोरूममध्ये गाड्या खपेनाशा झाल्या की संचालक मंडळाची नजर सर्वांत आधी त्या खर्चावर जाते. ज्यांचे पोटच शर्यतीवर आहे ते, म्हणजे विल्यम्ससारखे संघ, त्या मंदीतही चिकटून राहिले, कारण त्यांना जाण्यासारखी दुसरी जागाच नव्हती.

होंडाचा संघ त्याचेच प्रमुख रॉस ब्रॉन यांनी नाममात्र एका पौंडाला घेतला. तो स्वस्त सौदा म्हणून सांगितला जातो, पण त्या एका पौंडाबरोबर शेकडो माणसांचे पगार आले होते आणि हंगाम सुरू होतो न होतो तोच त्यांतल्या अनेकांना कमी करावे लागले. संघाचा चालक जेन्सन बटनने स्वतःचे मानधन बरेच खाली आणले. गाडी मूळ होंडाच्या इंजिनासाठी आखलेली होती. तीत मर्सिडीजचे इंजिन बसावे म्हणून सांगाड्याचा मागचा भाग कापून जुळवून घ्यावा लागला. ती गाडी मेलबर्नला जवळजवळ कोरी, पांढरी, जाहिरातींविना उतरली आणि पहिल्या दोन्ही जागा घेऊन गेली. बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि वर्षाअखेरीस चालकाचे व संघाचे अशी दोन्ही विजेतेपदे त्या संघाकडे आली. नंतर तोच संघ मर्सिडीजने विकत घेतला.

ही गोष्ट सांगून लोक मंदीतही जिद्दीने काय साधते ते पाहा असे म्हणतात, तेव्हा मी थोडा अस्वस्थ होतो. ती गाडी होंडाने मंदीपूर्वी, खुल्या हाताने खर्च करून, जवळजवळ सबंध २००८ चा हंगाम तिच्यावर ओवाळून तयार करून घेतली होती. आमच्या भाषेत, मागावर बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) आधीच चढवलेले होते. ब्रॉननी फक्त माग चालवला. हंगामाच्या उत्तरार्धात नव्या सुधारणांना पैसा उरला नाही, तेव्हा इतर संघ जवळ येऊ लागले आणि बटनला त्या हंगामात पुन्हा एकही शर्यत जिंकता आली नाही. सुरुवातीला कमावलेल्या गुणांवर विजेतेपद तरले.

आता कात्रीविषयी. नियम बनवणाऱ्यांनी आणि संघांनी मिळून २००९ साठी हंगामात मधल्या काळात करावयाच्या चाचण्या बंद केल्या, प्रत्येक चालकाला वर्षभरात आठ इंजिने अशी मर्यादा घातली आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला अठरा हजारांवर रोखल्या. या तिन्हींत एक समान सूत्र आहे. कोणत्याही एका संघाने आपण होऊन चाचण्या बंद केल्या असत्या तर तो मागे पडला असता, म्हणून एकट्याने कोणीच बंद केल्या नाहीत. यंत्रमागधारकांच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे नव्याने सांगायला नको : सूत महागले की प्रत्येकाला माग थांबवावेसे वाटतात, परंतु शेजाऱ्याचा खडखडाट ऐकू येत असताना स्वतःचा माग कोणी थांबवत नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद ठेवायचे ठरले, तरच थांबतात.

गंमत अशी की ज्या वर्षी ही काटकसर आली, त्याच वर्षी ब्रेकची ऊर्जा साठवून पुन्हा वापरणारी केर्स नावाची महागडी यंत्रणाही नियमांत आली, कारण ती आधीच ठरलेली होती. मोजक्याच संघांनी ती वापरली. दुसऱ्या वर्षी सर्वांनी आपसांत ठरवून ती बाजूला ठेवली आणि २०११ मध्ये ती परत आली.

रेल्वे लाईन्सची सीए

मास्तरांनी नियमांची बाजू मांडली आहे. मी हिशेबाची बाजू मांडते, कारण स्पर्धा आणि संघ यांना मंदी एकाच वेळी लागत नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

मोठी स्पर्धा चालवणाऱ्यांचे उत्पन्न मुख्यतः दूरचित्रवाणीचे हक्क, शर्यत भरवणाऱ्यांकडून घेतलेले यजमानशुल्क आणि स्पर्धेचे स्वतःचे प्रायोजक यांतून येते. हे करार बहुधा अनेक वर्षांचे असतात, त्यामुळे बाजार कोसळला त्या वर्षी त्यांच्या तिजोरीला फारशी झळ पोहोचत नाही. संघाचा प्रायोजक मात्र वर्षावर्षाला विचार करतो, आणि लहान संघाच्या चालकाचा प्रायोजक तर आपल्याकडे दिवाळी ते दिवाळी. म्हणजे झळ खालून वर सरकते : आधी तुमचा भाचा, मग त्याचा संघ, मग सर्किटवाला आणि सर्वांत शेवटी स्पर्धा. वरच्यांना चटका बसेपर्यंत खालचे होरपळून निघालेले असतात, आणि म्हणूनच काटकसरीचे नियम नेहमी उशिरा येतात असे मला वाटते.

सर्किटवाल्यांचे काय होते ते पाहा. २००९ च्या फॉर्म्युला वनमध्ये कॅनडाची शर्यत नव्हती आणि फ्रान्सचीही नव्हती. कॅनडाची पुढच्याच वर्षी परतली, फ्रान्सला मात्र २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच २००९ मध्ये अबू धाबी नव्याने आले. जिथे सरकार मागे उभे असते तिथे शुल्क भरण्याची चिंता नसते, आणि स्पर्धा साहजिकच तिकडे झुकते.

आपल्याकडे हे उलटे झाले. ग्रेटर नोएडाचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट एका खासगी बांधकाम समूहाने उभारले आणि २०११, २०१२ व २०१३ अशी तीन वर्षे तिथे भारतीय ग्रां प्री झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानले, त्यामुळे करमणूक कराचा वाद उभा राहिला; बाहेरून येणाऱ्या गाड्या व सामानाच्या सीमाशुल्काची डोकेदुखी वेगळीच. पुढे प्राप्तिकराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या सर्किटवर फॉर्म्युला वनच्या कंपनीचे स्थायी आस्थापन (व्यवसायाचे कायम ठिकाण) होते, म्हणून तिथले उत्पन्न भारतात करपात्र आहे, असा निकाल २०१७ मध्ये लागला. तोवर शर्यत बंद होऊन सुमारे साडेतीन वर्षे झाली होती आणि यजमान समूह कर्जाखाली दबला होता. हा निकाल मी आमच्या आर्टिकल्सना (सीएच्या शिकाऊ उमेदवारांना) आवर्जून वाचायला देते. गाड्यांत रस नसलेलेही शेवटपर्यंत वाचतात.

सरकार मागे असले म्हणजे सुरक्षित, असेही समजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेन सागराच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. सोलापूरहून ती जवळ, म्हणून आमच्या घरची दोन मुले पाहून आली. त्या वर्षाअखेरीस तेलंगणात सरकार बदलले आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली. तिथे मंदी नव्हती, फक्त पैसे देणारा बदलला.

होटगीकर

मास्तरांशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. सगळ्यांनी मिळून ठरवले की काटकसर होते, हे अर्धसत्य आहे. २००९ मध्ये नियम बनवणाऱ्या एफआयए या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी पुढच्या हंगामासाठी चार कोटी पौंडांच्या खर्चमर्यादेचा प्रस्ताव मांडला होता. मोठ्या संघांनी एकत्र येऊन वेगळी स्पर्धा काढण्याची धमकी दिली, प्रस्ताव बारगळला आणि मोस्ले पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहिले नाहीत. पण त्या मर्यादेच्या भरवशावर नवे संघ अर्ज करून बसले होते. त्यांपैकी अमेरिकेचा संघ ट्रॅकपर्यंत पोहोचलाच नाही. उरलेल्या तिघांपैकी हिस्पानिया २०१२ नंतर संपला, लोटस नावाने आलेला आणि पुढे कॅटरहॅम झालेला संघ २०१४ मध्ये बुडाला, आणि व्हर्जिन म्हणून सुरू झालेला, नावे बदलत मॅनॉरपर्यंत आलेला संघ २०१७ च्या सुरुवातीला बंद पडला. आपले नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक हे दोघेही हिस्पानियाच्याच गाड्यांत बसले होते. भाच्याने म्हटलेल्या स्वस्त जागा त्या याच.

खरी मर्यादा आली ती २०२१ मध्ये, आणि तीही महासाथीने स्टँड ओस पडल्यावर. वर्षाला साडेसतरा कोटी डॉलर असे आधी ठरले होते, ते साडेचौदा कोटींवर आणले गेले आणि नंतर आणखी खाली. चालकांचे मानधन, सर्वाधिक पगाराची तीन माणसे, इंजिन आणि जाहिरात यांना त्यातून वगळले आहे, हे विसरू नये. पहिल्याच वर्षी रेड बुलने मर्यादा ओलांडल्याचे निष्पन्न होऊन त्यांना सत्तर लाख डॉलर दंड झाला आणि वायुगतिकीच्या चाचण्यांत दहा टक्के कपात झाली. चुकलेल्या नोंदींत खानपानाचा खर्चही होता. आमच्याकडे लग्नाचा हिशेब फसतो तोही आचाऱ्याच्या बिलातच.

तरीही ती मर्यादा टिकली आहे, कारण या वेळी तिच्यामुळे संघांची किंमत वाढली. खर्चाला छत आणि उत्पन्नाला वाढ, मग मालकाला आणखी काय हवे? त्याच्या नफ्याशी जुळणारा नियम बाजार सुधारल्यावरही राहतो. केवळ भीतीपोटी केलेला नियम राहत नाही.

पिटलेन

मी कोइमतूर आणि चेन्नईला मेकॅनिक म्हणून सात-आठ हंगाम काम केले आहे, म्हणून वरच्या मजल्याऐवजी तळमजल्यावरचे सांगतो.

लहान स्पर्धांनी मंदीचे उत्तर फार पूर्वीच शोधले आहे, आणि ते म्हणजे सर्वांना एकच गाडी, एकच इंजिन आणि एकच टायर. मोटोजीपीत २५० सीसीच्या वर्गाचा खर्च हाताबाहेर गेला तेव्हा २०१० पासून मोटो टू हा वर्ग आणला आणि सर्वांना होंडाचे ६०० सीसी इंजिन सारखेच दिले. आपल्या देशात हे काम त्याच्याही आधी एस. करिवर्धन यांनी केले होते. मारुती ८०० चे इंजिन घालून त्यांनी फॉर्म्युला मारुती ही एकआसनी गाडी तयार केली. ते कोइमतूरच्या कापडगिरणीवाल्या घराण्यातले होते, हे सोलापूरकरांना सांगायला मला विशेष आनंद होतो. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले, आणि ज्या ट्रॅकवर आपला भाचा धावतो त्याला त्यांचेच नाव आहे. पुढे आलेल्या एलजीबी फॉर्म्युला फोर गाड्यांतही मारुतीचेच १३०० सीसी इंजिन आहे. त्याचा गॅस्केट संच सोलापुरात सात रस्त्यावरच्या दुकानातही मागवून मिळेल, आणि मंदीत गाडी उभी राहते की धावते हे अशाच गोष्टींवर ठरते.

तंगीच्या वर्षी मला पहिला फरक दिसला तो टायरांत. भरभराटीच्या हंगामात सरावाला जुना संच आणि पात्रता फेरीला नवा अशी चैन असते. तंगीत मुलगा सरावाला चार फेऱ्या मारूनच आत येतो, कारण नियमाने मिळालेले टायर त्याला रविवारच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत पुरवायचे असतात. आम्ही टायर काढून टायरच्या कडेवर हात फिरवायचो. रबराचे दाणे बोटाला लागले की तो अजून चालेल, आणि काचेसारखा गुळगुळीत लागला की संपला. चालकाच्या पोशाखाखाली घाम पुसायला सोलापुरी टॉवेल सर्वांकडे असायचा, पण त्या तंगीच्या वर्षी त्याच टॉवेलचे तुकडे करून आम्ही गिअर ऑइल पुसले, कारण चिंध्यांचा खर्चही संघमालकाने कापला होता.

दुसरी गोष्ट ग्रिडची, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगेची. गाड्या कमी झाल्या की जागा स्वस्त होतात हे खरे, पण एका मर्यादेपर्यंतच. स्पर्धेला ठरावीक गाड्या लागतात. त्याखाली आकडा गेला की वर्गच गुंडाळतात किंवा दोन वर्ग एकत्र पळवतात. अमेरिकेच्या नॅस्करमध्ये २००९ च्या सुमारास ग्रिड भरलेली दिसे, पण त्यांतल्या काही गाड्या थोड्या फेऱ्या मारून परत आत येत आणि बक्षिसाच्या रकमेवर गुजराण करत, कारण पूर्ण शर्यतीचे टायर घेण्याइतका पैसाच त्यांच्याकडे नव्हता. आपल्याकडे बक्षिसेही तेवढी नसतात, त्यामुळे ती वाटही बंद.

अक्कलकोट रोडवाला

सर्वांचे मनापासून आभार. सीए ताईंचे "झळ खालून वर सरकते" हे वाक्य मी बहिणीला वाचून दाखवले. ती म्हणाली, आपण तर तळालाच बसलो आहोत.

भाच्याला एका संघाने यंदा कमी रकमेत जागा देऊ केली आहे. रक्कम खरोखरच मागच्या वर्षीच्या जवळपास पाऊणपट आहे. मात्र पूर्ण हंगामाचे पैसे स्पर्धेच्या पहिल्या फेरीपूर्वी एकरकमी मागत आहेत. पिटलेनसाहेब, यात काही खटकते का?

पिटलेन

मालक, एकरकमी हेच खटकते. त्या संघमालकाची नियत वाईट असेल असे मी म्हणत नाही. बहुधा त्याला मागच्या हंगामाची देणी तुमच्या पैशांतून भागवायची असतील. तंगीत हे सर्रास चालते. मग तिसऱ्या फेरीला इंजिन उघडायची वेळ आली की पैसा नसतो, आणि गाडी ताडपत्रीखाली राहते.

फेरीनिहाय पैसे देण्याचे ठरवा, आणि प्रत्येक फेरीचे पैसे गाडी तांत्रिक तपासणीतून पार पडल्यावर द्या. दुसरे म्हणजे अपघाताची नुकसानभरपाई कोणाकडे, हे लिहून घ्या. जागा पाऊणपटीत देणारे संघ बहुतेक वेळा हा खर्च चालकाच्या माथी मारतात. पुढचा पंख, दोन सस्पेन्शन आर्म आणि एक चाक गेले की वाचवलेले सगळे पैसे त्यातच जातात. वरची मर्यादा ठरवून घ्या. तिसरे, दोन वर्ग एकत्र झाले किंवा एखादी फेरी रद्द झाली तर तिचे पैसे परत की पुढे वळते, याचे एक वाक्य करारात हवेच.

रेल्वे लाईन्सची सीए

आणि तो करार भाच्याच्या नावे न करता पैसे जिथून निघणार आहेत त्या नावाने करा. कारखान्यातून देणार असाल तर गाडीवर आणि पोशाखावर कारखान्याचे नाव किती आकारात, कुठे असेल ते लिहून घ्या, छायाचित्रे जपून ठेवा आणि बिल जाहिरातीचे मागा. अन्यथा तो घरगुती खर्च ठरून तपासणीत नामंजूर होऊ शकतो. मसुदा तयार झाला की मला पाठवा, सह्या होण्यापूर्वी एकदा वाचून देईन.

अक्कलकोट रोडवाला

मसुदा मागवला आहे. फेरीनिहाय म्हटल्यावर समोरच्यांनी दोन दिवस मागितले आहेत. भाचा रुसला आहे, पण रविवारी कारखान्यात येऊन गाठी मोजायला मदत करणार आहे.